छपरावर सळ्या राखून ठेवा



आपल्या बेटावरील कोणत्याही गावातून फेरफटका मारा, सपाट छपरांवर लोखंडी सळ्या उभ्या दिसतात. परदेशी पाहुण्याला वाटते, घर अर्धवटच राहिले. आपल्याला त्या सळ्यांचा अर्थ ठाऊक आहे. १९६० साली आलिक्स आणि कॅरोल ही वादळे लागोपाठ आली, गवताची व पत्र्याची घरे उडाली, आणि त्यानंतर आपल्या वडीलधाऱ्यांनी हळूहळू सिमेंटची घरे उभारली. खालचा मजला बांधतानाच ते मुलाच्या मजल्यासाठी सळ्या राखून ठेवीत आणि पुढचा भार पेलेल असा पाया घालीत.

हे आठवण्याचे निमित्त एक संगणक झाला.

नातवाच्या हट्टापायी काही वर्षांपूर्वी मी खेळांसाठीचा एक तयार संगणक दुकानातून आणला. बाहेरून रंगीत दिवे होते; आत काय आहे ते मी विचारले नाही. पुढे नव्या खेळांसाठी ग्राफिक्स कार्ड बदलावयाची वेळ आली. झाकण काढले तेव्हा कळले की आतला मदरबोर्ड त्या कंपनीच्या स्वतःच्याच मापाचा, विजेची जोडणीही निराळी, आणि पॉवर सप्लाय अगदी बेताचा. नवे कार्ड त्याला पेलेना, आणि बाजारात मिळणारा पॉवर सप्लाय त्या बोर्डाला बसेना. सळ्या कापून टाकलेले घर मी पुऱ्या किमतीला घेतले होते! दुकानदारापेक्षा चूक माझीच अधिक, कारण मी पाया पाहिलाच नव्हता.

म्हणून अनुभवाने बनलेले माझे मत सांगतो. घरातले मूल खेळांसाठी संगणक मागत असेल, तर तयार खोका आणू नका. सुटे भाग घेऊन घरीच जोडा, आणि मदरबोर्ड निवडताना पुढच्या मजल्याचा विचार करा.

मदरबोर्ड म्हणजे प्रोसेसर, मेमरी, ग्राफिक्स कार्ड आणि एसएसडी ज्या फळीवर बसतात ती फळी. खेळाचा वेग तिच्यामुळे फारसा वाढत नाही. तो मुख्यतः ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर यांवर अवलंबून असतो. मात्र उद्या काय बदलता येईल आणि काय नाही, हे ही फळीच ठरविते.

पहिली गोष्ट पाहावयाची ती सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसण्याची जागा. एएमडी कंपनीच्या एएम४ या सॉकेटचे उदाहरण बोलके आहे. २०१७ साली त्याचा साधा बोर्ड घेतलेल्यांपैकी पुष्कळांना, बोर्डाची बायॉस प्रणाली अद्ययावत करून, २०२२ साली निघालेला रायझेन ५८००एक्स३डी हा खेळांसाठी नावाजलेला प्रोसेसर त्याच बोर्डावर बसविता आला. पाच वर्षांनी वरचा मजला चढला, पाया तोच राहिला. त्यानंतरचे एएम५ सॉकेट २०२२ साली आले, आणि किमान २०२७ पर्यंत त्याला साथ देऊ असे कंपनीने सांगितले आहे. इंटेलचे २०२१ चे एलजीए१७०० सॉकेट प्रोसेसरांच्या तीन पिढ्यांना पुरले. २०२४ साली एलजीए१८५१ आले, आणि पुढच्या प्रोसेसरसाठी जुन्या बोर्डवाल्यांना नवा बोर्ड घेणे भाग पडले. इंटेल वाईट असे मी म्हणत नाही. सॉकेटला पुढे किती आयुष्य आहे हे विचारल्याखेरीज पैसे देऊ नका, एवढेच सांगणे.

दुसरी गोष्ट मेमरीची. एएम५ वर केवळ डीडीआर५ चालते. एलजीए१७०० चे काही बोर्ड डीडीआर४ चे, तर काही डीडीआर५ चे असतात; एकाची पट्टी दुसऱ्याच्या खाचेत बसत नाही. मोठी एकच पट्टी घेण्यापेक्षा सारख्या दोन घ्याव्यात, म्हणजे दोन्ही मार्गांनी माहिती वाहते. तिसरी गोष्ट आकाराची. एटीएक्स बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा, मायक्रो-एटीएक्स २४४ मिलिमीटरचा चौरस, आणि मिनी-आयटीएक्स १७० मिलिमीटरचा. ही मापे सर्वांची सारखी असल्याने कॅबिनेट व पॉवर सप्लाय पुढे हवे तेव्हा बदलता येतात. माझ्या तयार खोक्यात नेमके हेच नव्हते.

पण सळ्या राखणे वेगळे, आणि दोन मजल्यांच्या घराला दहा मजल्यांचा पाया घालणे वेगळे. इंटेलचा ज्या प्रोसेसरच्या नावात के हे अक्षर नाही, त्याचा वेग हाताने वाढविता येत नाही. त्याच्यासाठी झेड मालिकेचा महागडा बोर्ड घेणे म्हणजे पैसा पाण्यात. बहुतेक घरांना दोन्ही कंपन्यांच्या बी मालिकेचा बरा बोर्ड पुरतो. वाचलेले रुपये ग्राफिक्स कार्डाला आणि चांगल्या पॉवर सप्लायला द्यावेत.

आपल्या बेटाच्या म्हणून काही गोष्टी आहेत. परदेशातून स्वस्तात मागविलेला बोर्ड बिघडला, तर तो परत धाडण्याच्या खर्चातच बचत संपते. इथल्या दुकानाची लेखी हमी मिळत असेल तर थोडे अधिक पैसे द्यावेत. वादळाच्या दिवसांत वीज जाते आणि परत येताना झटका देते, तेव्हा यूपीएस घ्यावा, आणि वादळाची सूचना लागताच प्लग भिंतीतून काढून ठेवावा. जानेवारी २०२४ मध्ये बेलाल वादळाने पोर्ट लुईत पाणी भरले होते, हे स्मरून यंत्र जमिनीवर न ठेवता टेबलावर ठेवावे. समुद्राकाठी खारी हवा, क्युरपिपकडे ओल. आतली धूळ वेळोवेळी झाडावी, कारण ओलसर धूळ पंख्यांना चिकटून बसते.

यंदा मी व नातू दोघांनी मिळून यंत्र जोडले. आधी धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालविली. एएम५ मध्ये नाजूक पिना प्रोसेसरवर नसून बोर्डावर असतात. एक वाकली तरी बोर्ड वाया जाण्याची भीती, म्हणून ते काम नातवाने श्वास रोखून केले. बोर्डाखालचे पितळी आधार त्याच्या भोकांशी जुळतात की नाही ते मी पाहिले, कारण चुकीच्या जागी राहिलेला आधार बोर्डाच्या पाठीला टेकला तर शॉर्ट होतो.

बटण दाबले. पंखे फिरले, पण पडदा काळाच. माझ्या पोटात गोळा आला. नातू म्हणाला, “आजोबा, घाबरू नका. पहिल्या वेळी बोर्ड मेमरीची पारख करतो, काही मिनिटे लागतात.” आम्ही थांबलो, तरी काही दिसेना. मग मी मागे वाकून पाहिले, तर पडद्याची वायर त्याने ग्राफिक्स कार्डाऐवजी बोर्डाच्या छिद्रात खोचली होती! ती बदलली, आणि चित्र आले. त्याचे ज्ञान आणि माझे डोळे, दोन्ही कामी आले.

आपल्यातले काही पालक खेळ म्हणजे नासाडी म्हणून दार बंद करतात, तर काही महागडा खोका देऊन मुलाला खोलीत बंद करतात. दोन्हींत मूल एकटेच राहते. खेळावयाचे ते मुले खेळणारच. त्या यंत्राच्या आत काय आहे, ते किती पैशांचे आहे आणि बिघडले तर काय करावे, हे त्यांना शिकविणे आपल्या हाती आहे. त्यासाठी एक रविवार पुरे. आमच्या नातवाने आता ठरविले आहे की प्रोसेसर बदलण्याची वेळ येईल तेव्हा पैसे तो स्वतः साठविणार. बोर्डावर त्याची जागा राखलेली आहे.