हजीऱ्याची तीन मिनिटे

‘‘काय हो, तुमच्या त्या फिल्मचे काय झाले?’’ परवा चहाच्या वेळी आमच्या खात्यातल्या एका सहकाऱ्याने विचारले. टेबलाभोवतीची चार डोकी लगेच माझ्याकडे वळली. मी म्हटले, ‘‘काही नाही. दोनशे बारा लाइक मिळाले आणि आम्ही बाहेर पडलो.’’

‘‘अरेरे! आधी सांगायचे नाही का? आमच्या घरातले सगळे लाइक दिले असते.’’

माणूस मनापासून बोलत होता. पण त्याने फिल्म पाहिलेली नव्हती, आणि पाहायची आहे असेही तो म्हणाला नाही. न पाहताच तो घरभरचे लाइक द्यायला तयार होता. तेव्हापासून ही गोष्ट डोक्यात घोळते आहे, म्हणून हा लेखप्रपंच.

मुळात हे लचांड मी गळ्यात कसे घेतले ते सांगतो. माझी ताई लग्न होऊन सुरतेजवळच्या हजीऱ्याला गेली, त्याला आता पंचवीस वर्षे होऊन गेली. भावोजी तिथल्या एका कारखान्यात आहेत. मूळचे सत्तरीचे, पण पोटापाण्यासाठी तापीच्या मुखाशी जाऊन स्थिरावले. त्यांची मुलगी कॉलेजात शिकते आणि तिला कॅमेऱ्याचे वेड आहे. तिने फोन केला, ‘‘मामा, ऑनलाइन व्हिडिओ स्पर्धा आहे. हौशी आणि अनुभवी, दोघांनाही खुली. तीन मिनिटांची फिल्म, विषय ‘आपले ठिकाण’. तू लिही, मी शूट करते.’’

मी कलाशाखेचा पदवीधर. नोकरीत आयुष्य टिपण्या लिहिण्यात गेले. ‘तू लिही’ असे कोणी म्हटले की मला नाही म्हणवत नाही. तरी सरकारी माणूस म्हणून आधी नियम उघडले. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४. त्यातल्या पंधराव्या नियमात साहित्यिक, कलाविषयक वा शास्त्रीय स्वरूपाचे प्रासंगिक काम पूर्वपरवानगीशिवाय करायची मुभा आहे, कार्यालयीन कामाला बाधा येत नसेल तर! मनाचे समाधान झाले, आठ दिवसांची अर्जित रजा टाकली आणि मडगावहून गाडी पकडली.

हजीरा हे आपल्या कल्पनेतले गाव नव्हे. एका बाजूला तापी, एका बाजूला खंभातचे आखात, आणि मधल्या पट्टीवर खत, पोलाद, वायू असे कारखान्यांमागून कारखाने. समुद्राच्या पोटातून काढलेला वायू इथे किनाऱ्याला लागतो आणि पुढे नळातून थेट मध्य प्रदेशातल्या विजयपूरला आणि उत्तर प्रदेशातल्या जगदीशपूरला जातो. २०२० साली इथून घोघ्याला रो-रो बोट सुरू झाली आणि सौराष्ट्रात जायचा पावणेचारशे किलोमीटरचा वळसा वाचला. रात्री चिमण्यांच्या टोकांवरचे दिवे दिसतात तेव्हा वाटते, हे सगळे चालवणारी माणसे झोपतात कधी?

माझ्या डोक्यात मात्र इतिहास होता. हजीऱ्याच्या शेजारीच सुवाळीचा किनारा आहे. १६१२ सालच्या नोव्हेंबरात इथे पोर्तुगीज आरमार आणि कॅप्टन थॉमस बेस्टची इंग्रज जहाजे भिडली. पोर्तुगीजांना हार पत्करावी लागली आणि पुढच्याच वर्षी इंग्रजांना सुरतेत वखारीची परवानगी मिळाली. १६१५ साली तर गोव्याचा व्हाइसरॉय जेरोनिमो द अझेवेदो जातीने मोठे आरमार घेऊन इथे आला आणि हात हलवत परत गेला. आमच्या गोव्याच्या इतिहासातले एक पान या वाळूत पडले आहे! मी उत्साहाने दोन पाने लिहून काढली. भाचीने वाचली आणि शांतपणे विचारले, ‘‘मामा, गलबते कुठून आणायची?’’

सूर्यास्त घ्यायचा म्हटले तर तो सगळेच घेतात. कारखान्यात कॅमेरा न्यायला बंदी. मग उरले काय? उरले घर, आणि घरातला रात्रपाळीला निघणारा माणूस.

भाचीच्या फोनमध्ये चवथीच्या दिवशीचा एक तुकडा होता. भावोजींना यंदा चवथीला रजा मिळाली नव्हती. गणवेश चढवून, हेल्मेट मांडीवर ठेवून ते सोफ्यावर बसले आहेत, आणि समोरच्या फोनवर सत्तरीतल्या घरची त्यांची आई दिसते आहे. म्हातारी नातवाला फोन वर धरायला सांगते, माटोळी दाखवते आणि एकेक नाव घेते. हे कवंडळ, हे कांगले, हे आंबाडे, हा सुपारीचा घड, हे अमक्याच्या रानातले, ते तमक्याने आणून दिलेले. भावोजी नुसते ‘हां, हां’ म्हणतात. खाली कंपनीच्या बसचा भोंगा वाजतो. बस्स! मी लिहिलेली दोन पाने फाडून टाकली. फिल्म तिथे आधीच तयार होती.

आता मुद्द्यावर येतो. फिल्म पाठवण्याआधी मी स्पर्धेचे नियम वाचायला बसलो. भाची हसली. ‘‘मामा, ते कोणी वाचत नाही. खाली टिक करायची असते.’’ पण कारकुनाला खालची टिक दिसण्याआधी वरचा मजकूर दिसतो, त्याला इलाज नाही. त्यात लिहिले होते की पाठवलेली फिल्म, तिचा कोणताही भाग, आयोजक जगभर, कायमस्वरूपी, कुठल्याही माध्यमात, काटछाट करून, मोबदला न देता वापरू शकतील. आणि फिल्ममध्ये दिसणाऱ्या प्रत्येक व्यक्तीची संमती घेतल्याची हमी भाग घेणाऱ्याने द्यायची.

पहिली अट वाचून माझ्या डोळ्यांसमोर भावोजींच्या आईचा चेहरा कुठल्यातरी साबणाच्या नाहीतर विम्याच्या जाहिरातीत झळकला. दुसरी अट मात्र मला रास्त वाटली. आपण आपल्या माणसांना गृहीत धरतो. आजीच ती, तिला काय विचारायचे? मी म्हटले, विचारायचे. आज संध्याकाळीच.

फोन लागला. नातीने सगळे समजावून सांगितले. म्हातारीने एकच प्रश्न केला, ‘‘कोण पळयतलो?’’

‘‘सगळे, आजी. जगात कोणीही.’’

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग ती म्हणाली, ‘‘म्हजें तोंड दाखय नाका. आवाज आसूं दी.’’

भाचीचा चेहरा पडला. आजीच्या सुरकुतलेल्या चेहऱ्यावरच तर तिची सगळी भिस्त होती. रात्री उशिरापर्यंत ती संगणकापुढे बसली. सकाळी पाहतो तर आजीचे तोंड पूर्ण गेलेले. पडद्यावर फक्त हलणारी माटोळी, नंतर भावोजींचे ऐकणारे तोंड, आणि सबंध वेळ तो आवाज फळांची नावे घेत राहिलेला. खरे सांगतो, आधीच्यापेक्षा ही फिल्म दसपट चांगली झाली होती. भावोजींनी ती पाहिली, काही बोलले नाहीत, आणि पुन्हा एकदा लावायला सांगितली. मग जाहिरातीची भीती असतानाही ‘पाठव’ असे तेच म्हणाले. चेहरा त्यांचा होता, तेव्हा शब्दही त्यांचाच.

पुढची पायरी लाइकची. परीक्षक होते, नाही असे नाही. पण त्यांच्यापर्यंत पोचणार होत्या फक्त सर्वाधिक लाइक मिळालेल्या पन्नास फिल्म. म्हणजे ज्याचा गोतावळा मोठा त्याची फिल्म चांगली! पंधरा दिवस भाचीने ओळखीच्या ओळखीच्यांना निरोप धाडले. पहिल्या पन्नासांतल्या काही फिल्म मी पाहिल्या. काही खरोखरच सुंदर होत्या. काहींच्या मागे कॅमेरामन, संकलक, संगीतकार अशी अनुभवी मंडळींची फौज होती. कॉलेजातली एकटी पोर आणि ही फौज एकाच रांगेत उभी. याला ‘सर्वांसाठी खुली’ म्हणतात.

आपल्याकडे स्पर्धा नवीन नाहीत. कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेत ‘अ’ गट आणि ‘ब’ गट वेगळे असतात. पहिल्यांदा रंगमंचावर पाय ठेवणाऱ्या वाड्यावरच्या मंडळाने मुरलेल्या संस्थेशी टक्कर देऊन नाउमेद होऊ नये, एवढे शहाणपण त्या विभागणीत आहे. आणि परीक्षक नाटक पाहतात. अख्खे पाहतात, वाईट असले तरी! लाइकच्या स्पर्धेत नेमका हाच हक्क काढून घेतला जातो. आमची फिल्म वाईट म्हणून हरली असती तर मला चालले असते. ती परीक्षकांनी पाहिलीच नाही, हे मला सलते.

भाची म्हणते, ‘‘पण मामा, लोकांना आवडले तर त्यात वाईट काय?’’ काहीच नाही. मालेगावच्या नासिर शेख यांना कोणी परीक्षक नेमून दिला नव्हता. २००० साली त्यांनी ‘मालेगाव के शोले’ केला, तोही गावच्या पैशांत आणि गावचीच माणसे घेऊन. यंत्रमागाच्या खडखडाटात दिवस काढणाऱ्या त्या गावाने तो डोक्यावर घेतला. पुढे फैजा अहमद खान यांनी तिथल्या या वेडावर माहितीपट केला, आणि २०२४ साली त्याच गोष्टीवर हिंदी चित्रपटही निघाला. पण मालेगावकरांनी सिनेमा आधी पाहिला, मग टाळ्या वाजवल्या. आमच्या देवळाच्या उत्सवातल्या नाटकाचेही तेच. पहाटेपर्यंत डोळे चोळत बसलेला माणूस ‘बरें केलें’ म्हणतो तेव्हा त्याने किंमत मोजलेली असते. पाहून दिलेली दाद वेगळी आणि न पाहता दिलेले मत वेगळे. पहिले लाखांनी मिळाले तरी हवेच आहे. दुसरे फुकट मिळाले तरी महाग पडते, कारण त्यापायी पोरे फिल्म करायच्या ऐवजी माणसे गोळा करायला शिकतात.

ऑनलाइन म्हणजे हेच होणार, असेही नाही. २४ जुलै २०१० या एका दिवसाचे चित्रण जगभरातून मागवून ‘लाइफ इन अ डे’ ही फिल्म केली गेली. १९२ देशांतून ८०,००० तुकडे आले, एकूण साडेचार हजार तासांचे. त्यातून दिग्दर्शक केविन मॅकडॉनल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जेमतेम दीड तास निवडला. पण निवडला तो पाहून. आपल्या इफ्फीतही २०२१ पासून देशभरातल्या तरुणांकडून ऑनलाइन प्रवेशिका मागवतात, पहिल्या वर्षी पंचाहत्तर जण निवडले, आणि निवड परीक्षकांनी केली. वयाची अट पस्तिशीच्या आतली, तेव्हा मी बाद! पण भाचीला दार उघडे आहे.

माझे म्हणणे एवढेच आहे. आपल्या गोव्यात ग्रंथालये आहेत, कला अकादमी आहे, गावोगावची मंडळे आहेत. २००४ पासून इफ्फी दरवर्षी आपल्या दारात येते. तीन मिनिटांच्या फिल्मची एक साधी स्पर्धा आपण घ्यावी. नियम एका पानाचे, मराठीत आणि कोकणीत. हौशी वेगळे, अनुभवी वेगळे. फिल्मचा हक्क करणाऱ्याकडेच राहावा, आयोजकांनी फक्त दाखवण्याची परवानगी घ्यावी. लाइक मोजू नयेत. आणि हरलेल्या प्रत्येकाला परीक्षकांच्या दोन ओळी लिहून याव्यात. बक्षिसाची रक्कम कमी असली तरी चालेल, पण त्या दोन ओळी हव्यात. १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमधली कुस्ती कॅमेऱ्यात पकडणारे सावे दादा, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, हे छायाचित्रकार होते. सिनेमाचा अनुभव त्यांना कुठून असणार? तो तेव्हा या देशात फारसा कोणालाच नव्हता. आपल्या सिनेमाची सुरुवातच हौसेतून झाली आहे, तेव्हा हौशी माणसाला रांगेत शेवटी उभे करणे आपल्याला तरी शोभत नाही.

आणि भाग घेणाऱ्यांनो, नियम वाचा हो! कंटाळा आला तरी वाचा. ती एक अट वाचली नसती तर आम्ही म्हातारीला विचारले नसते, आणि विचारले नसते तर आमची फिल्म सूर्यास्ताइतकीच साधारण झाली असती.

असो. त्या सहकाऱ्याला मी जेवणाच्या सुट्टीत फिल्म दाखवली. संपल्यावर तो म्हणाला, ‘‘ते कांगले आमच्याकडे हल्ली मिळतच नाही हो.’’ लाइकबद्दल काही बोलला नाही.

पुढच्या चवथीला भावोजींना रजा मिळावी, एवढीच गणरायाकडे मागणी आहे. मग फिल्म होणार नाही. पण चालेल.