डबा आपला, क्यूआर कोड नवऱ्याचा



उन्हाळा लागला की आपल्या चाळीसगावात गच्च्या भरून जातात. उडदाचे पापड, बिबड्या, कुरडया, शेवया. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी नसते, तेव्हा पापडाच्या भाजीवर निभावणारी आपली घरं. त्यांना हा साठा लागतोच. पुण्याच्या, सुरतेच्या नातेवाइकांनाही लागतो. त्यामुळे आपल्यातल्या कितीतरी जणी आता पैसे घेऊन करून देतात. खाखरे तर बारा महिने चालू असतात.

पण त्या डब्यावर चिकटवलेला क्यूआर कोड बघा. बहुतेक वेळा तो नवऱ्याच्या दुकानाचा असतो. "घरचंच तर आहे, वेगळं कशाला?" हे उत्तरही ठरलेलं. मला ते पटत नाही. मी कॉमर्सची, त्यामुळे असेल कदाचित, पण ज्याचं नाव वहीत नाही त्याचं काम झालंच नाही असं वही धरते.

आमच्या गल्लीतल्या एका काकींनी वीस वर्षं पापड विकले. काका गेले, दुकान मुलांकडे आलं. मुलं चांगली आहेत, कुणी नाही म्हणालं नाही. फक्त आता काकींना मागावं लागू लागलं. पापड लाटायच्या मशीनसाठी त्या मुद्रा कर्ज मागायला गेल्या. पन्नास हजारांपर्यंतच्या शिशु कर्जाला तारण लागत नाही, पण धंदा आहे एवढं तरी दाखवावं लागतं. काकींच्या पासबुकात गॅसच्या सबसिडीशिवाय काही नव्हतं.

आणि नवऱ्याच्याही दृष्टीने हे सोयीचं नाही. आपले पैसे त्याच्या खात्यात गेले की कर खात्याला ती त्याचीच विक्री दिसते. २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या आकड्यांवरून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या होत्या. खरं तर आपल्याला जीएसटीची भीती फारशी नाही. आपल्या राज्यात मालाच्या विक्रीला वर्षाला ४० लाखांपर्यंत साधारणपणे नोंदणी लागत नाही. पापडावर कर नाही, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून खाखऱ्यावरही नाही. म्हणजे वेगळं खातं ठेवण्यात नुकसान काहीच नाही.

कागद किती? खाण्याच्या वस्तूला एफएसएसएआयची नोंदणी हवीच, घरून विकलं तरी. वर्षाची विक्री ठरलेल्या मर्यादेच्या आत असेल तर साधी नोंदणी पुरते. फी वर्षाला शंभर रुपये, फोटो आणि ओळखपत्र, पत्ता घराचाच. चौदा आकडी नंबर मिळतो, तो पाकिटावर छापायचा. दुसरी उद्यम नोंदणी. ती आधारवर होते आणि फुकट असते. तिचे पैसे मागणारा एजंट भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. दोन्ही ठिकाणी अर्जदार म्हणून स्वतःचं नाव लिहा. बँकेत खातं स्वतःचं, क्यूआर कोड त्याचा.

गॅसचं मात्र जपा. घरगुती १४.२ किलोची टाकी धंद्याला वापरणं नियमात बसत नाही, १९ किलोची घ्यावी लागते. विजेबद्दल उगाच घाबरवतात. घराच्या एका भागात धंदा असेल आणि वापर महिन्याला ३०० व वर्षाला ३,६०० युनिटांच्या आत असेल, तर घरगुती दरच लागतो.

"आपल्यासारख्या बायकांना हे कुठे जमणार?" असं म्हणणाऱ्यांना मी लिज्जतचं उदाहरण देते. १५ मार्च १९५९ ला मुंबईत गिरगावातल्या एका गच्चीवर सात जणी बसल्या, ऐंशी रुपये उसने घेऊन. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. पण हिशेब चोख ठेवले आणि १९६६ मध्ये संस्थेची रीतसर नोंदणी केली. आजही तिथल्या बहिणी पीठ घरी नेतात, पापड घरीच लाटतात; पण काम त्यांच्या नावावर लागतं आणि मजुरी त्यांच्या हातात पडते. जागा घरचीच आहे, फरक नावाचा आहे.

कुणी म्हणेल, हे सरकारी नियम, आपला धर्माशी काय संबंध. आहे ना. अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार आपण प्रतिक्रमणात आठवतो. त्यात राज्याच्या नियमाविरुद्ध जाणं आहे, खोटी मापं आहेत, एका वस्तूत दुसरी मिसळून विकणंही आहे. स्वयंपाकघरातल्या बिनशिक्क्याच्या काट्यावर किलो मोजून विकणं मला म्हणूनच खटकतं. वैधमापन खात्याचा शिक्का असलेला काटा घ्यावा. आणि पाकिटावर 'जैन' लिहिलं तर हिंग-मसाला कुठून आला हेही आपल्याला माहीत हवं. लोक त्या एका शब्दावर डोळे मिटून विकत घेतात.

एक सूचना. आपल्या महिला मंडळात पाककृती स्पर्धा दरवर्षी होतात. यंदा एक दुपार या कामाला द्या. आधार कार्ड, फोटो, पासबुक आणि आधारला जोडलेला मोबाइल घेऊन या. मोबाइल स्वतःचा, मुलाचा नको. ओटीपी त्यावरच येतो. फॉर्म भरायला मी बसते.