जुना ट्रॅक्टर भंगारात घालण्याआधी



गळिताचा हंगाम तोंडावर आला की आपल्या सातारा-सांगली भागात गावोगावी एकच चित्र दिसते. पावसाळाभर गोठ्याच्या आडोशाला, नाहीतर सरळ चिंचेखाली उभा राहिलेला जुना ट्रॅक्टर बाहेर काढायचा ठरते आणि तो काही केल्या सुरू होत नाही. सेल मारून मारून बॅटरी बसते. तोवर चार माणसं गोळा होतात. एक म्हणतो पंप गेलाय, दुसरा म्हणतो इंजिनाला काम आलं, तिसरा म्हणतो काढून टाका हे डबडं, नवा घ्या. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हापासून या तिसऱ्या माणसाच्या बोलण्याला धार आली आहे. कर उतरला म्हणून बँकेचा हप्ता माफ होत नाही, हे मात्र तो सांगत नाही.

आमचे मत स्पष्ट आहे. सुरू न होणाऱ्या बहुतेक जुन्या ट्रॅक्टरांचे दुखणे मोठे नसते. ते नीट बघितले जात नाही, एवढेच.

डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. सिलिंडरमध्ये हवा जोरात दाबली की ती तापते, त्या तापल्या हवेत डिझेलचा फवारा पडला की पेट घेतो. म्हणजे गरज तीनच गोष्टींची: इंजिन जोमाने फिरले पाहिजे, डिझेल पोचले पाहिजे आणि हवा मिळाली पाहिजे. दोष यातल्या कशात आहे हे ट्रॅक्टरच सांगतो. हेडलाइट लावून सेल मारा. दिवा एकदम मंदावला तर बॅटरी उतरली आहे, नाहीतर जोड खराब आहेत. दिवा तसाच लख्ख आणि सेल गप्प, तर स्विच, सोलेनॉइड नाहीतर क्लचखालचा सेफ्टी स्विच बघा. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी चढली असेल तर गरम पाण्याने धुऊन, घासून, कोरडे करून आवळा. अर्थची केबल आधी काढायची आणि शेवटी जोडायची. ही केबल चासीला जिथे जोडली असते तिथला गंज कोणी बघत नाही, आणि नवी बॅटरी आणून पैसे घालवतात. दमात असलेली १२ व्होल्टची बॅटरी मीटरवर १२.६ च्या आसपास दाखवते.

इंजिन चांगले फिरते आहे, तरी पेट घेत नाही? मग सायलेन्सरकडे बघा. धूर अजिबात नाही, म्हणजे डिझेल वर पोचलेलेच नाही. टाकीत आहे का, खालचा कॉक उघडा आहे का, इंजिन बंद करायची दांडी ओढलेलीच तर राहिली नाही ना? (हसू नका. या दांडीपायी मिस्त्रीला मोटरसायकलवरून आणल्याची उदाहरणे वाळवा तालुक्यातही मिळतील आणि कऱ्हाडातही.) हे सगळे ठीक असेल तर एअर धरली आहे असे समजा. फिल्टरवरचा स्क्रू दोन आटे ढिला करून फीड पंप हाताने मारत राहायचे. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग सलग डिझेल. तेव्हा स्क्रू आवळायचा. तसेच पंपावरच्या स्क्रूचे. शेवटी नोझलच्या पाइपांचे नट थोडे ढिले करून सेल मारायचा आणि डिझेल दिसले की आवळायचे. त्या वेळी बोट मात्र तिथे नेऊ नका, दाबाखालचे डिझेल कातडीत घुसते. फिल्टरखाली पाणी साचले असेल तर ते आधी काढा. टाकी अर्धी ठेवून पावसाळा काढला की आत पाणी सुटतेच. पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोचते आहे पण पेटत नाही, म्हणजे बहुधा इंजिन मंद फिरते आहे.

एवढे झाल्याशिवाय पंप खोलू देऊ नका. आमचा राग आहे तो यावर. आल्या आल्या पंप उतरवायला सांगणारा मिस्त्री भेटला तर त्याला आधी विचारा, एअर काढून बघितली का?

आणि एक गोष्ट कडक शब्दांत सांगतो. सेल घेत नाही म्हणून खाली उभे राहून स्टार्टरच्या दोन टोकांना पान्हा किंवा पेचकस टेकवण्याची सवय आपल्याकडे सर्रास आहे. त्याने क्लचखालचा सेफ्टी स्विच वगळला जातो. ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिला असेल तर तो सुरू होतो तो चालतच, आणि माणूस उभा असतो मागच्या चाकाच्या तोंडाशी. घरातल्या पोराला हे करताना बघितले तर तिथल्या तिथे थांबवा. हंगाम बुडाला तरी चालेल.

खरोखर दम गेलेला ट्रॅक्टरही असतो. ऑइल खातो, ब्रीदरमधून धूर फेकतो, चांगल्या बॅटरीवरही थंडीत उठत नाही. त्याचे इंजिन करायचे की विकायचे हा हिशेब ज्याचा त्याने करावा. पण जुना बी-२७५ किंवा स्वराज ७२४ पान्ह्यांवर दुरुस्त होतो. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरच्या नव्या ट्रॅक्टरांना धुराचे नवे निकष लागले, आणि त्यांच्या इंजिनाला आता संगणकाची जोड आली. ते बिघडले की कंपनीच्या माणसाची वाट बघण्यावाचून इलाज नाही.

कोणी म्हणेल, हे शेतकऱ्याचं काम नव्हे. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी पलूसजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली आणि लोखंडी नांगर केले, तेव्हाही लोखंडाने जमीन नासते म्हणून लोक ते घ्यायला कचरत होते. त्याच मुलखातला आजचा शेतकरी फिल्टरचा एक स्क्रू ढिला करायला भितो, हे आम्हाला पटत नाही.

शिवाय हा एकट्याच्या शेडचा प्रश्न नाही. तोडलेला ऊस चोवीस तासांत गव्हाणीत पडावा असे शेतकी खाते सांगते. फडात ट्रॅक्टर अडला की टोळी बसून राहते, ऊस वाळतो, साखर मोडते. वजन घटते ते ज्याच्या त्याच्या उसाचे, पण उतारा घटतो तो सगळ्यांचा, आणि एफआरपी उताऱ्यावरच ठरते.

म्हणून आमची मागणी अशी. कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये जाणते फिटर आहेत. दरवर्षी बॉयलर पेटण्याआधी त्यांनी प्रत्येक गट ऑफिसला एक दिवस द्यावा. ज्याचा ट्रॅक्टर सुरू होत नाही त्याने तो ओढून आणावा, आणि फिटरने स्वतः हात न लावता मालकाच्या हातून सगळे करून घ्यावे. वाहतूक करार करतानाच हा दिवस जाहीर करावा. चहापाण्याचे आम्ही गावकरी बघू.