‘थांब, पुन्हा’ कापू नका

कथकच्या क्लासला जाणाऱ्या मुलीच्या पिशवीत घुंगरू, ओढणी आणि वही असायचीच. दोन हजारच्या दशकात त्यांच्या जोडीला कागदी पाकिटातली सीडी आली. पाकिटावर बाईंच्या अक्षरात ‘तीनताल, मध्य लय, तोडे’ असं लिहिलेलं असे. क्लास सुटल्यावर, घरचं सगळं आवरून, रात्री संगणकासमोर बसून बायांनी या सीडी एकेक करून तयार केल्या आणि मुलींना घरी नेऊ दिल्या. हे काम मला शिकवण्याइतकंच मोलाचं वाटतं. त्यांच्यामागून आलेल्या चित्रणाच्या डिस्कमधल्या एका प्रकाराबद्दल मात्र आज आग्रहाने लिहायचं आहे.

त्याआधी घरी नेण्याजोगी होती ती वही. सोळा मात्रांचे रकाने आखायचे, भातखंडे पद्धतीने समेला × आणि खालीला ०, किंवा पलुसकर पद्धतीने समेला १ आणि खालीला + अशी खूण करायची आणि त्याखाली बोल मांडायचे. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना बसलेल्या बहुतेकींनी हे लिपीकरण केलेलं असतं. कुठला बोल कुठल्या मात्रेवर पडतो ते वही चोख सांगते. पण तिहाईच्या दोन पल्ल्यांमधला दम किती मोकळा ठेवायचा, समेवर आल्यावर मान किती उचलायची, ते रकान्यात बसत नाही.

आणि लहेरा तर वहीत नसतोच. हार्मोनियमवर किंवा सारंगीवर एका आवर्तनाची धून फिरत राहते आणि तिच्यावरून सम कुठे आहे ते कानाला कळतं. घरी ती वाजवणार कोण? कॅसेट आली तेव्हा थोडी सोय झाली. पण टेपरेकॉर्डरचे सेल उतरले की लयही उतरायची, सूरही उतरायचा. शिवाय हवी ती जागा सापडेपर्यंत टेप पुढे-मागे फिरवत बसायचं. सीडीची लय जागची हलत नाही. एक बटण दाबलं की झपताल, दुसरं दाबलं की धमार. रियाजाला बसणाऱ्या मुलीला एवढ्याने केवढी मोकळीक मिळाली, ते त्या काळात शिकलेल्यांना विचारा.

ऑडिओ सीडीवर जास्तीत जास्त ८० मिनिटं मावत. त्यात किती ताल, किती लयी आणि कुठल्या लयीला किती वेळ, हे बाईंना ठरवावंच लागे. आमच्या बाईंनी विलंबित लहेरा सगळ्यांत लांब ठेवला होता. घरी मुली विलंबित टाळतात आणि थेट द्रुतवर उडी मारतात, हे त्यांना पक्कं माहीत होतं. सीडीवरच्या वेळेच्या वाटणीतूनसुद्धा शिकवता येतं, हे मला त्यांच्यामुळे कळलं.

पुढे डीव्हीडी आली, हात-पाय दिसू लागले आणि नव्या अडचणी सुरू झाल्या. कॅमेरा चेहऱ्यावर रोखला की पावलं चौकटीबाहेर जातात, आणि कथकमध्ये पावलं गेली तर उरलं काय? जमिनीजवळ ठेवला तर घुंगरांच्या आवाजात पढंत, म्हणजे तोंडाने म्हटलेले बोल, बुडून जाते. समोरून चित्रण केलं की पडद्यावरचा उजवा हात मुलीच्या डाव्या बाजूला येतो आणि घरी एकटीने बघून केलेली चक्करं उलटी बसतात. म्हणून जाणत्या बाया तोडा दोनदा चित्रित करतात, एकदा समोरून आणि एकदा पाठीमागून. पाठमोरं चित्रण दिसायला साधं असतं, शिकायला फार उपयोगी पडतं.

सुट्टीत अमेरिकेहून येऊन दोन-चार आठवड्यांत पुढचा अभ्यासक्रम शिकून जाणाऱ्या मराठी मुली अशीच डीव्हीडी घेऊन परतत. ती आपल्याकडच्या पाल या व्हिडिओ पद्धतीची, तिकडचे प्लेअर एनटीएससी पद्धतीचे. तिकडच्या बऱ्याच प्लेअरवर ती लागतच नसे.

आता मुद्द्यावर येते. या डिस्क दोन तऱ्हेच्या असतात. एकीत बाई छान साडी नेसून, पार्श्वभूमीला पडदा लावून, तोडा पहिल्यापासून शेवटपर्यंत निर्दोष करून दाखवतात. दुसरीत चालू तासाचं चित्रण असतं. कुणीतरी विद्यार्थिनी नाचतेय, बाई हातावर ताल देत पढंत करताहेत आणि मध्येच म्हणतात, ‘‘थांब. तिसऱ्या पल्ल्यात घाई होतेय. आता नुसते पाय. बरं, आता नुसती पढंत कर. पुन्हा.’’ बहुतेक ठिकाणी ही दुसरी डिस्क देण्याआधी सगळं थांबणं कापून टाकलं जातं. माझी कळकळीची विनंती आहे, ते कापू नका.

निर्दोष तोडा बघून कुठे पोचायचं ते कळतं. पण घरी अडलेल्या मुलीला हवा असतो मधला रस्ता. न कापलेल्या चित्रणात आपलीच चूक दुसरीकडून होताना दिसते, बाई ती कशी सुटी करतात, आधी पाय, मग बोल, मग दोन्ही एकत्र, हे दिसतं. मग आपल्या चुकीवर कुठून हात घालायचा हे तिला उमगतं. पुढे ती स्वतः क्लास काढते तेव्हाही हेच कामी येतं. कथक गुरू रोहिणी भाटे, म्हणजे बेबीताई, लच्छू महाराजांकडे आणि मोहनराव कल्याणपूरकरांकडे शिकल्या, १९४७ साली त्यांनी पुण्यात नृत्यभारती ही संस्था सुरू केली. मला बेबीताईंचा रंगमंचावरचा कार्यक्रम जितका बघावासा वाटतो, त्याहून त्यांचा तास बघावासा वाटतो. त्या कुठे थांबवत, काय सोडून देत, कशावर अडून बसत, ते बघायला मी काहीही देईन.

डिस्क हाती पडली की मुली बाईंच्या पुढे धावतात, आधी चुकीचं बसवतात आणि अंगात मुरलेली चूक काढायला दुप्पट वेळ जातो, अशी तक्रार गुरू करतात. ती खरी आहे. डिस्क मुलीकडे बघत नाही. म्हणून तोडा क्लासमध्ये शिकून झाल्यावरच त्याची डिस्क द्यावी, आधी कधीच नाही.

त्या काळच्या बऱ्याच डिस्क आज कपाटांत पडून आहेत. बहुतेक नव्या लॅपटॉपना त्या घालायला जागा नाही, आणि घरी लिहिलेल्या सीडीतला रंगद्रव्याचा थर उन्हाने, उष्णतेने खराब होतो. अजून चालताहेत तोवर त्यांच्या प्रती करा, दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. सोबत ताल, लय, पढंत कुणाची आणि साल लिहून ठेवा. मूळ डिस्कच्या नावाच्या बाजूवर बॉलपेन टेकवू नका. सीडीचा चकाकणारा थर त्याच बाजूला, पातळ लेपाखाली असतो. आणि प्रत दुसऱ्या कुणाला देण्याआधी तिच्यात जिला थांबवलं आहे त्या मुलीला विचारा. ती आता मोठी बाई असेल, पण चुकत शिकतानाचं ते चित्रण तिचं आहे.