दंड भरला, पाप फिटले?

चोराने चोरीच्या मालातला एक हिस्सा कोतवालाच्या हवाली करावा, ‘मी चोरी केली असे मी कबूल केलेले नाही’ एवढे कागदावर लिहून घ्यावे आणि राजरोस घरी जावे, ह्याला कोणत्याही गावात न्याय म्हणणार नाहीत. अमेरिकेत डिझेल इंजिनांच्या बड्या कारखानदारांच्या बाबतीत मात्र ह्याच प्रकाराला न्याय म्हटले गेले आहे, आणि तेही एकदाच नव्हे. न्याय ह्या शब्दाच्या अशा वापराला आमची हरकत आहे.

प्रकरण प्रथम थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. २२ ऑक्टोबर १९९८ रोजी अमेरिकेचे न्याय खाते व पर्यावरण संरक्षण संस्था ह्यांनी सात उत्पादकांशी झालेली तडजोड जाहीर केली. कॅटरपिलर, कमिन्स, डेट्रॉइट डिझेल, मॅक, नॅव्हिस्टार, रेनॉ आणि व्होल्वो ही ती नावे. सरकारचा आरोप असा होता की, ह्या कंपन्यांनी सुमारे १३ लाख अवजड इंजिनांत संगणकाची अशी आज्ञावली घातली होती की, प्रयोगशाळेतील चाचणीत इंजिनाने सोवळे पाळावे आणि महामार्गावर एकसारख्या वेगाने धावू लागताच ते सोडून द्यावे. इंधनाचा फवारा सिलिंडरमध्ये थोडा आधी सोडला, की ज्वलन अधिक तापते, डिझेल कमी लागते, पण नायट्रोजनची ऑक्साइडे वाढतात. ती मर्यादेच्या तिपटीपर्यंत जात होती. एकट्या १९९८ सालात ह्या इंजिनांनी १३ लाख टन जादा विषारी वायू हवेत सोडल्याचा सरकारचा अंदाज होता. दंड झाला ८ कोटी ३४ लाख डॉलर. पर्यावरणविषयक कायद्याखाली तोवर एवढा दिवाणी दंड कधी झाला नव्हता, म्हणून वर्तमानपत्रांनी त्याचे कौतुक केले.

परंतु तडजोडीतील एका कलमाकडे फार थोड्यांचे लक्ष गेले. जी इंजिने आधीच रस्त्यावर होती, त्यांची आज्ञावली लगेच बदलायची नव्हती. ते इंजिन जेव्हा केव्हा मोठ्या दुरुस्तीसाठी उघडले जाईल, तेव्हा ती बदलायची होती. अवजड ट्रकचे इंजिन लाखो मैल धावल्यावाचून तसे उघडले जात नाही. म्हणजे दंड भरला गेला, आणि धूर मात्र पुढची कित्येक वर्षे तसाच चालू राहिला. हे वायू उन्हात ओझोन निर्माण करतात, फुप्फुसांना सूज आणतात, दमेकऱ्यांचा विकार बळावतात. आणि महामार्गालगत घर कोणाचे असते, हे सांगावयास नको. बंगलेवाला तेथे राहत नाही.

त्यानंतर पंचवीस वर्षे लोटली. डिसेंबर २०२३ मध्ये १९९८ च्या यादीतील एक नाव पुन्हा वर आले. रॅम बनावटीच्या पिकअप ट्रकांतील सुमारे ६ लाख ३० हजार डिझेल इंजिनांत चाचणीला चकवा देणारी योजना होती, असा आरोप कमिन्स कंपनीवर होता, आणि तिने १६७ कोटी ५० लाख डॉलर दंड भरण्याचे मान्य केले. अमेरिकेच्या स्वच्छ हवा कायद्याखाली झालेला हा सर्वांत मोठा दिवाणी दंड. गाड्या परत बोलावून दुरुस्त करण्याची अट ह्या वेळी घातली गेली, ही १९९८ च्या मानाने प्रगती आहे, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. दंडामुळे त्या वर्षी कंपनीचा नफा बराच घटला, हेही खरे. पण त्याच वर्षी तिची एकूण विक्री ३,४१० कोटी डॉलरची होती. म्हणजे हा विक्रमी दंड शंभरातले पाच डॉलरही नव्हे. आणि कंपनीचे निवेदन काय होते? कोणी वाईट हेतूने वागल्याचा पुरावा आपल्याला आढळला नाही, आणि आपण गैरकृत्य मान्य करीत नाही!

प्रथम कुमसारासाठी बसणाऱ्या आपल्या मुलांना धर्मशिक्षणाच्या वर्गात पाच गोष्टी शिकविल्या जातात: विवेकबुद्धीची तपासणी, पश्चात्ताप, पुन्हा पाप न करण्याचा निश्चय, पापांची कबुली आणि प्रायश्चित्त. आठ-नऊ वर्षांच्या बालकालाही कळते की, पहिल्या चार गोष्टी वगळून केवळ पाचवी उरकली, तर तो संस्कार नव्हे, उपचार आहे. कंपनी म्हणजे व्यक्ती नव्हे आणि न्यायालय म्हणजे कुमसारघर नव्हे, हे आम्हांस ठाऊक आहे. तथापि जिथे कबुली नाही तिथे निश्चयाला आधार तो कोणता? जपानच्या हिनो ह्या ट्रक-कंपनीने मार्च २०२२ मध्ये आपल्या चाचण्यांचे आकडे खोटे असल्याचे जाहीरपणे सांगितले आणि २०२५ साली अमेरिकी न्यायालयात गुन्हा कबूल केला. तिचे अपराध काही लहान नव्हते. तिला १६० कोटी डॉलरहून अधिक भुर्दंड बसला. पण निदान ‘आम्ही केले’ हे शब्द तिच्या तोंडून निघाले. सुधारणेला तिथूनच आरंभ होऊ शकतो.

इंधन वाचते, मालवाहतूक स्वस्त होते, मग एवढा गहजब कशाला, असे काही व्यवहारी मंडळी म्हणतील. डिझेल वाचले ते ट्रकमालकाचे, आणि त्या बचतीच्या लौकिकावर इंजिने खपली ती कारखानदाराची. त्याची किंमत मात्र रस्त्याकाठच्या माणसाने आपल्या छातीने मोजली, आणि त्याला कोणी विचारलेही नव्हते. चाचणीत इंजिन उत्तीर्ण झाले होते, कायद्याचे अक्षर पाळले होते, असेही म्हणता येईल. पेला बाहेरून लख्ख घासून आत घाण ठेवणाऱ्या शास्त्री-परुश्यांना प्रभू येशूने काय सुनावले होते, ते आपल्या वाचकांस सांगण्याची आवश्यकता नाही.

संत लूकच्या शुभवर्तमानातील जक्कय आठवावा. तो जकातदारांचा मुख्य होता, रोमन सत्तेचा माणूस होता. त्याने रोमच्या तिजोरीत दंड भरून सुटका करून घेतली नाही. ज्यांना नाडले होते, त्यांना चौपट परत करण्याचे वचन त्याने दिले, आणि अर्धी मालमत्ता गरिबांना देऊ केली. इथे दंडाची रक्कम सरकारच्या तिजोरीत गेली. ज्या मुलाचा दमा बळावला, त्याच्या औषधाची चिठ्ठी त्याच्या आईच्याच हातात राहिली. सृष्टीची हेळसांड आणि गरिबांवरील अन्याय हे दोन निरनिराळे प्रश्न नाहीत, असे पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ ह्या परिपत्रकात कळकळीने सांगितले, ते ह्याच कारणासाठी.

हे सर्व दूर अमेरिकेतले आहे, असे म्हणून कोणी सुस्कारा सोडू नये. कमिन्स हे नाव पुण्याला १९६२ पासून परिचित आहे. त्या नावाचे मुलींचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९९१ पासून तेथे उत्तम काम करीत आहे. त्या सत्कार्याचा आम्हांस आदर वाटतो. पण दान हे दान आणि भरपाई ही भरपाई. एकाने दुसरीचा हिशेब मिटत नाही. आपल्या देशातही जुलै २०१३ मध्ये जनरल मोटर्सला १ लाख १४ हजार टॅव्हेरा गाड्या परत बोलवाव्या लागल्या. चाचणीत गैरप्रकार झाल्याचे कंपनीनेच सरकारला कळविले होते. आणि गाडी न नेताच पीयूसीचे प्रमाणपत्र आणणारे सद्गृहस्थ आपल्या धर्मग्रामांत अजिबात नाहीत, असे छातीवर हात ठेवून कोण म्हणेल? रक्कम लहान, पण रीत तीच: कागद स्वच्छ, हवा घाण.

आज आपल्या घराघरांतून मुले-मुली अभियंते होत आहेत. इंजिनाची ती आज्ञावली आपोआप लिहिली गेली नव्हती. कोणीतरी सुशिक्षित माणसाने ती लिहिली, दुसऱ्याने तपासली, तिसऱ्याने सही केली. अशा टेबलाशी उद्या आपले लेकरू बसेल, तेव्हा ‘ही सही मी करणार नाही’ असे म्हणण्याचे बळ त्याला कोण देणार? गलेलठ्ठ पगाराचा आनंद साजरा करणारे आईवडील, की नोकरी गेली तरी पाठीशी उभे राहणारे? ह्या प्रश्नाचे उत्तर आपल्या कुटुंबांनी आणि युवक संघटनांनी आजच ठरवावे. आणि येथून पुढे एखाद्या कंपनीच्या विक्रमी दंडाची बातमी वाचली, की आकड्याने दिपून न जाता दोन गोष्टी विचाराव्यात: कबुली कोणी दिली? आणि ज्यांच्या श्वासात तो धूर गेला, त्यांना काय परत मिळाले?