फळ्यावर आधी तुम्ही लिहा

निबंधाच्या तासाला काही मुलं वहीत विषय लिहितात, त्याखाली रेघ मारतात आणि तिथेच थांबतात. आपण त्यांना ‘कच्ची’ म्हणतो आणि गाईडातला निबंध पाठ करायला लावतो. गुरुजी, बाई, माझी विनंती आहे, या मुलांना लिहायला सांगण्याआधी त्यांच्यासमोर तुम्ही लिहा.

तयार निबंध वाचून दाखवला की त्यात खाडाखोड दिसत नाही. मुलाला वाटतं, इतरांना सगळं आपोआप सुचतं, मलाच सुचत नाही. म्हणून खडू घ्या, ‘आठवड्याचा बाजार’ असा विषय फळ्यावर लिहा आणि डोक्यात चाललेलं मोठ्याने बोला. ‘सुरुवात कुठून करू? सुचत नाहीये. असू दे, बाजारात शिरल्यावर आधी काय जाणवतं? सुक्या मासळीचा वास! तिथूनच धरते. “बाजारात खूप गर्दी होती”... छे, यातून काही दिसत नाही. खोडते. गर्दीत आईचा पदर हातातून सुटला होता, ते लिहिते. हं, हे जमलं.’ पाच-सहा ओळी पुरेत. मात्र घरून पाठ करून येऊ नका. खरोखर अडा आणि अडल्यावर काय करता ते मुलांना ऐकू द्या.

डोनाल्ड मायकेनबाउम आणि जोसेफ गुडमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७१ साली उतावळ्या मुलांसाठी हाच क्रम वापरला होता. आधी मोठ्या माणसाने बोलत बोलत काम करून दाखवायचं, मग मुलाने मोठ्याने बोलत, नंतर पुटपुटत आणि शेवटी मनातल्या मनात बोलत ते करायचं. पुढे अमेरिकेत कॅरन हॅरिस आणि स्टीव्ह ग्रॅहम यांनी लिहिताना अडणाऱ्या मुलांसाठी या वाटेने लेखन शिकवण्याची एक पूर्ण पद्धत उभी केली.

हे मनातलं बोलणं म्हणजे ‘मी हुशार आहे’ असा जप नव्हे. अडलेल्या मुलाचा त्यावर विश्वास बसत नाही. त्याला पुढचं पाऊल सांगणारं वाक्य हवं: ‘आधी चार मुद्दे काढतो’, ‘हे राहू दे, पुढचं लिहून परत येतो’. अशी दोन-तीन वाक्यं त्याची त्यालाच ठरवू द्या, वहीच्या पुठ्ठ्याच्या आत लिहू द्या. तीही त्याच्या घरच्या बोलीत. मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी, जी असेल ती. प्रमाण मराठी निबंधात येईल, मनाशी बोलताना तिची सक्ती कशाला?

आईबाबांनाही सांगायचं आहे. ‘एवढंही येत नाही?’ हे आपण सहज बोलून जातो आणि मूल परीक्षेच्या बाकावर तेच स्वतःला ऐकवतं. त्याऐवजी ‘कुठं अडलंय? तिथवरचं वाचून दाखव’ असं म्हणा.

एका तासात फरक दिसणार नाही. दर आठवड्याला दहा मिनिटं फळ्यावर लिहा, मग हळूहळू खडू मुलांच्या हाती द्या. आणि पहिल्या खर्ड्यातल्या ऱ्हस्व-दीर्घाला लाल पेन लावू नका. ते शेवटच्या वाचनात, मुलाला शेजारी बसवून तपासा.