फॅनी क्रॉस्बी : संतचरित्रात हरवलेले श्रम

फॅनी क्रॉस्बी (१८२०–१९१५) या अमेरिकन कवयित्रीविषयी श्रद्धाळू चरित्रकार भरभरून लिहितात. साहित्येतिहासकार बहुधा मौन पाळतात. परस्परविरोधी भासणाऱ्या या दोन्ही भूमिका एकाच गृहीतकावर उभ्या आहेत. पहिल्यांच्या लेखी क्रॉस्बी यांची उपासनागीते म्हणजे ईश्वरी प्रसाद, दुसऱ्यांच्या लेखी धार्मिक बाजारातील माल. ती कोणी तरी परिश्रमपूर्वक रचली आहेत, याची दखल दोघेही घेत नाहीत.

वस्तुस्थिती काय सांगते? क्रॉस्बी यांची दृष्टी तान्हेपणीच गेली. न्यूयॉर्कच्या अंधशाळेत त्या शिकल्या व पुढे तेथेच शिक्षिका झाल्या. पहिला काव्यसंग्रह १८४४ मध्ये निघाला. १८५० नंतर जॉर्ज रूट या संगीतकारासाठी त्यांनी लौकिक गीते रचली. १८६४ मध्ये विल्यम ब्रॅडबरी यांच्यासाठी उपासनागीते लिहू लागल्या, तेव्हा त्या जवळपास चव्वेचाळीस वर्षांच्या मुरलेल्या गीतलेखिका होत्या. पुढे त्यांनी ८,००० हून अधिक उपासनागीते रचली. मोबदला सामान्यतः गीतामागे एक-दोन डॉलर. हक्क प्रकाशकाकडे वा संगीतकाराकडे. एकाच संग्रहात एकाच नावाची दाटी दिसू नये म्हणून सुमारे २०० टोपणनावे वापरली गेली.

आता आख्यायिका पाहावी. १८६८ मध्ये विल्यम डोन चाल घेऊन आले. त्यांच्या गाडीला अवघी चाळीस मिनिटे उरली होती आणि तेवढ्यात गीत सिद्ध झाले! हा प्रसंग प्रेरणेचा पुरावा म्हणून सांगितला जातो. वास्तविक तो व्यवसायाच्या शिस्तीचा पुरावा आहे. आधीच ठरलेल्या चालीत आघात आणि मात्रा सांभाळून, सारी कडवी मनात जुळवून मग दुसऱ्याकडून लिहवून घेणे, यासाठी दीर्घ सराव लागतो. प्रेरणेचे नाव पुढे करताच हा सराव अदृश्य होतो. श्रम अदृश्य झाले की वेतनाचा प्रश्नही उरत नाही.

तो प्रश्न क्रॉस्बी यांच्या हयातीतच उपस्थित झाला होता. १९०३ मध्ये कवी विल कार्लटन यांच्या पुढाकाराने त्यांचे आत्मकथन निघाले आणि त्यांच्या मिळकतीवरून कार्लटन व गीतांचे प्रकाशक यांच्यात वाद पेटला. १९०६ मध्ये दुसरे आत्मकथन आले. तीन वर्षांत दोन आत्मकथने निघावीत, यामागील ताण भाविक चरित्रकारांना जाणवत नाही, हे आश्चर्यकारक आहे.

मराठी वाचकास येथे जनाबाई आठवेल. विठ्ठल तिच्या जात्याला हात लावतो, या कथेत निदान दळण तरी दिसते. क्रॉस्बी यांच्या दंतकथेत जातेच नाही.

'लेखकाच्या मृत्यू'चा सिद्धान्तही येथे अपुरा पडतो. ज्या स्त्रीचे लेखकत्व २०० नावांत विखुरले गेले आणि ज्याचे मोल डॉलर-दोन डॉलर ठरले, तिला लेखकपद मिळण्यापूर्वीच त्याचे विसर्जन सुचवणे ही कोणती मुक्ती? या गीतांत पुनरुक्ती आहे, ठरावीक प्रतिमा आहेत, हा आक्षेप रास्तच आहे. परंतु समूहाने गावयाच्या आणि नगावर मोबदला मिळणाऱ्या रचनेचे हे गुणधर्म आहेत. त्यांची मीमांसा त्या उत्पादनव्यवस्थेसह व्हावयास हवी. ती टाळून दिलेला निकाल मूल्यमापन म्हणवून घेण्यास पात्र नाही.